फ्रान्सच्या कुणब्यानें दस्तऐवज मागितला

(एका खेडेगांवच्या शाळेच्या पटांगणांत एका शिक्षकानें दिलेलें व्याख्यान.)



सभेच्या चालकांनीं आम्हांस "फ्रान्सची राज्यक्रांति व तिच्यामागचे विचार" या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. आम्ही पडलों खेड्यांतले पंतोजी. ट्रेनिंग कॉलेजांत असतांना हा विषय आम्हांस दीड पानांत शिकविला गेला. राजा उधळ्या होता, राणी त्याहून उधळी होती, लोक चिडले, राजाचें डोकें उडालें, मग नेपोलियन आला, धडा संपला. परीक्षेला तेवढें पुरलें. परंतु त्या दीड पानांत शेतकरी कोठें होता, लोहार-सुतार कोठें होता, हें आम्हांस कोणीं सांगितलें नाहीं आणि आम्हींही विचारलें नाहीं. पुढें वाचनानें जें कळलें तें आज तुमच्यापुढें ठेवतों.

गोष्ट एका बाईपासून सुरू करूं. सन १७८९ च्या जुलै महिन्याची १२ तारीख होती. आर्थर यंग नांवाचा एक इंग्रज, शेतीचा मोठा जाणकार, फ्रान्स देशांत फिरत होता. शँपेन प्रांताच्या बाजूला एक लांब चढण लागली, तेव्हां घोडीला दम मिळावा म्हणून तो उतरून पायीं चालूं लागला. वाटेंत एक कुणबीण भेटली. पाठ वाकलेली, तोंडावर सुरकुत्या. साठ-सत्तर वर्षांची असेल असें त्याला वाटलें. वय विचारलें तर ती म्हणाली, अठ्ठावीस. घरीं जमिनीचा एक तुकडा, एक गाय, एक मरतुकडें घोडें आणि सात मुलें. एका जहागीरदाराला दरसाल ४२ पौंड गहू व तीन कोंबड्या द्यावयाच्या. दुसऱ्या जहागीरदाराला दुसरें धान्य, आणखी एक कोंबडी आणि वर एक नाणें. राजाचे कर निराळेच. ती त्याला म्हणाली कीं, आमच्यासारख्या गरिबांसाठीं कोणी मोठी माणसें कांहीं तरी करणार आहेत असें कानांवर येतें. पण कोण करणार आणि कसें करणार, तें मला ठाऊक नाहीं.

त्यानंतर दोनच दिवसांनीं, १४ जुलैला, पॅरिसच्या लोकांनीं बास्तीलचा किल्ला घेतला आणि साऱ्या जगांत गाजावाजा झाला. परंतु आम्हांस त्या किल्ल्यापेक्षां त्या बाईचें बोलणें अधिक महत्त्वाचें वाटतें. मोठी माणसें आपल्यासाठीं करतात काय? केलें तर किती करतात? आणि उरलेलें कोण करतो? आजचें आमचें सारें बोलणें एवढ्याच प्रश्नाविषयीं आहे.

प्रथम त्या बाईच्या डोक्यावरचें ओझें मोजूं. फ्रान्सची वस्ती त्या वेळीं सुमारे २ कोटि ८० लाख. पांचांतले चार खेड्यांत राहणारे. राज्यांत लोकांचे तीन वर्ग मानलेले असत. पहिला धर्मगुरूंचा, दुसरा सरदारांचा आणि तिसरा बाकीच्या सर्वांचा. पहिल्या दोन वर्गांना मुख्य सारा माफ. तो भरावयाचा तिसऱ्यानें. देशांतल्या जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा चर्चच्या ताब्यांत होता. तरीही शेतकऱ्याच्या खळ्यावर पुन्हां चर्चचा वाटा निघे. पुष्कळ ठिकाणीं दळण जहागीरदाराच्याच चक्कीवर दळावें, पाव त्याच्याच भट्टींत भाजावा, द्राक्षें त्याच्याच घाण्यांत पिळावीं आणि प्रत्येक वेळीं त्याचा हिस्सा द्यावा, असा दंडक. जहागीरदाराचीं कबुतरें शेतांत पेरलेले दाणे टिपीत, त्याच्या शिकारीसाठीं राखलेले ससे व हरणें उभें पीक खात; पण त्यांच्यावर हात उगारण्याची कुणब्याला मनाई. मिठाची तऱ्हा तर विचारूंच नका. पुष्कळ प्रांतांत आठ वर्षांवरील दर माणशीं ठराविक मीठ सरकारी वखारींतून सरकारी भावानें घेतलेंच पाहिजे, लागो वा न लागो. आणि एका प्रांतांतला भाव दुसऱ्या प्रांताच्या वीसपट. त्यांत १७८८ सालीं गारपिटीनें व खराब हवेनें पीक बुडालें. पुढच्या वसंत ऋतूंत पॅरिसच्या मजुराची निम्म्याहून अधिक मजुरी नुसत्या पावावर खर्च होऊं लागली.

मंडळी, हें ओझें कांहीं एका दिवसाचें नव्हतें. शेंकडों वर्षांचें होतें. मग लोकांना तें त्याच वेळीं असह्य कां झालें? भूक तर पूर्वीही होती. पण पूर्वीं भुकेला मनुष्य म्हणे, देवाची इच्छा. आतां तो म्हणूं लागला, हें माणसानें घातलेलें ओझें आहे, तेव्हां माणसाला तें काढतांही येईल. हा फरक पाडणाऱ्या विचारांना विद्वान लोक प्रबोधन म्हणतात. विचार साधा आहे. कोणतीही गोष्ट जुनी आहे, पोथींत आहे, राजानें सांगितली आहे, एवढ्यानें ती खरी किंवा न्यायाची ठरत नाहीं; ती बुद्धीला पटली पाहिजे.

हे विचार सांगणारे कोण होते, तें ऐका. कारागिरांच्या घरांनीं तर मुद्दाम ऐकावें. देनी दिदरो हा सुऱ्या-कात्र्या घडविणाऱ्या कारागिराचा मुलगा. रूसो हा जिनिव्हा शहरांतल्या घड्याळजीचा मुलगा. स्वतःच्या बुद्धीनें चालण्याचें धैर्य करा, असें १७८४ सालीं लिहिणारा जर्मन तत्त्ववेत्ता कांट हा घोड्याचें जीन व सरंजाम शिवणाऱ्याचा मुलगा. दिदरोचा सोबती दालांबेर याला तर जन्मतांच पॅरिसच्या एका चर्चच्या पायरीवर टाकून दिलें होतें. खिडक्यांना कांचा बसविणाऱ्या एका कारागिराच्या बायकोनें त्याला वाढविलें.

दिदरो व दालांबेर यांनीं १७५१ सालापासून एक मोठा ज्ञानकोश छापण्यास आरंभ केला. मजकुराचे १७ खंड आणि चित्रांचे ११. शेवटचा चित्रखंड १७७२ सालीं निघाला. या ज्ञानकोशाची एक गोष्ट आम्हांस फार आवडते. तोंपर्यंत ज्ञान म्हणजे धर्मशास्त्र, व्याकरण, राजांच्या वंशावळी. यांनीं कारागिरांच्या कारखान्यांत जाऊन, त्यांना विचारून, त्यांच्या कामाची माहिती टिपून घेतली. सुरी कशी घडते, कातडें कसें कमावतात, माग कसा चालतो, टांचणी किती हातांतून जाते, याचीं तपशीलवार चित्रें कोरून छापलीं. हातानें काम करणारा मनुष्य अडाणी नसून त्याच्याजवळही विद्या आहे, हें त्या चित्रांनीं दाखविलें. सरकारनें हा ग्रंथ दोनदां बंद पाडला, पोपनें त्याचा निषेध केला, तरी दिदरोनें तो पुरा केला.

परंतु आम्ही या मंडळींना देव करूं इच्छीत नाहीं. त्यांच्यांतलाच अत्यंत प्रसिद्ध लेखक व्हॉल्टेअर. धर्मवेडाशीं तो जन्मभर लढला. त्यानेंच १७६६ सालच्या एका पत्रांत, अडाणी गरीब लोक जगांत असणें त्याला आवश्यक वाटतें, असें लिहिलें आहे. म्हणजे दिवा लावणाऱ्यालाही वाटत होतें कीं, उजेड माजघरापर्यंत पुरे, गोठ्यांत नको. ज्यांच्यासाठीं तो विचार काढलेला नव्हता त्यांनीं तो उचलला, आणि तेव्हां त्याची क्रांति झाली.

तें कसें झालें, पहा. राजाचा खजिना रिकामा झाला, म्हणून नवा कर बसविण्यासाठीं त्याला तिन्ही वर्गांची सभा बोलवावी लागली. १६१४ सालानंतर ती भरलीच नव्हती. १७८९ च्या आरंभीं गांवोगांवीं हुकूम गेला कीं, लोकांनीं जमून आपल्या तक्रारी लिहून पाठवाव्या. खेड्यांतल्या लोकांना आयुष्यांत प्रथमच कोणीं तरी विचारलें, तुमचें दुखतें कोठें? अशा तक्रारींच्या वह्या सुमारे ४० हजार तयार झाल्या. बोलणारे शेतकरी होते. लेखणी धरणारा कोठें वकील, कोठें धर्मगुरु, तर कोठें आमच्यासारखा एखादा शाळामास्तर. त्यांत मिठाचा कर आहे, चक्की आहे, वेठ आहे, आणि तीं कबुतरेंही आहेत! ओझें एकदां कागदावर मांडलें कीं मनुष्य त्याची बेरीज करूं लागतो. आणि शेजारच्या गांवच्या वहींतही तीच बेरीज आहे असें कळलें कीं तो गप्प बसत नाहीं.

जुलै महिन्यांत खेड्यांत वणवा पेटला. सरदारांनीं दरोडेखोर सोडले आहेत, अशी आवई उठली. शेतकरी कोयते घेऊन निघाले. दरोडेखोर सांपडले नाहींत. मग ते जहागीरदारांच्या वाड्यांवर गेले आणि देण्याघेण्याचीं दप्तरें मागून त्यांनीं तीं जाळलीं. हें ऐकून व्हर्सायच्या राष्ट्रसभेंत घबराट झाली. ४ ऑगस्टच्या रात्रीं सरदार एकामागून एक उठून आपले हक्क सोडीत असल्याचें जाहीर करूं लागले. सरंजामशाही अजिबात बंद केली, असें सभेनें जाहीर केलें. २६ ऑगस्टला मानवी हक्कांचा जाहीरनामा निघाला. सर्व माणसें जन्मतः स्वतंत्र व हक्कांनीं समान आहेत, हें त्यांतलें पहिलें कलम.

आमचा दीड पानांचा धडा येथें टाळ्या वाजवून पुढें जात असे. पण मंडळी, जाहीरनाम्यांत सतरावें कलमही होतें. मालमत्ता पवित्र आहे आणि योग्य भरपाई दिल्याशिवाय ती कोणाची हिरावून घेतां येणार नाहीं, असें तें कलम. आतां हिशेब पहा. राष्ट्रसभेनें म्हटलें, माणसाच्या शरीरावर बसलेली वेठ व गुलामी फुकट बंद. परंतु जमिनीवरचें देणें ही जहागीरदाराची मालमत्ता आहे, तें शेतकऱ्यानें विकत घेऊन सोडवावें. भाव ठरला १७९० च्या मे महिन्यांत. रोकड देणें असेल तर वर्षाच्या देण्याच्या वीसपट. धान्याचें असेल तर पंचवीसपट. म्हणजे जो दरसाल एक खंडी धान्य देत होता, त्यानें पंचवीस खंडींची किंमत मोजावी आणि मग स्वतंत्र व्हावें. तोंपर्यंत जुनें देणें चालू. हें देणें मुळांत खरें कीं खोटें, हेंही जहागीरदारानें सिद्ध करावयाचें नाहीं. खोटें असल्यास तें शेतकऱ्यानें सिद्ध करावें! ४ ऑगस्टच्या रात्रीं जें हातांनें दिलें होतें, तें लेखणीनें परत घेतलें.

कागदाची ही करामत आमच्या घरानें पाहिलेली आहे. आमचे वडील निरक्षर होते. एका सावकारानें पुढें केलेल्या कागदावर त्यांनीं आंगठा उठविला. आंत काय लिहिलें आहे असें विचारणें म्हणजे चारचौघांत अविश्वास दाखविणें, असें त्यांना वाटलें. विहिरीकडचा अर्धा एकर गेला. तो कागद आमच्या घरांत प्रथम वाचला तो आम्हीं, सहावींत असतांना. तेव्हां मुदत टळून गेली होती. वडील एवढेंच म्हणाले, "मास्तर हो." म्हणून आम्ही मास्तर झालों.

फ्रान्सच्या कुणब्यानें मात्र मुदत टळूं दिली नाहीं. त्यानें नवा कायदा वाचवून घेतला आणि देणें देण्याचें साफ नाकारलें. १७९० पासून क्वेर्सी, पेरिगोर वगैरे भागांत दंगे होत राहिले. गांवकरी जहागीरदाराला म्हणूं लागले, तुमचा हक्क ही मालमत्ता असेल तर ती कोणीं कोणाला कधीं विकली त्याचा मूळ दस्तऐवज दाखवा! ज्या दस्तऐवजाच्या भीतीनें त्यांचे वाडवडील मान खालीं घालून देत आले, तोच त्यांनीं मागितला. पुष्कळ जहागीरदारांपाशीं तसा कांहीं कागदच नव्हता. वहिवाट होती आणि लोकांची भीति होती. शेवटीं राजसत्ता कोसळल्यावर, २५ ऑगस्ट १७९२ रोजीं, कायदा उलटला: मूळ दस्तऐवज दाखवील त्यालाच देणें मिळेल. आणि १७ जुलै १७९३ रोजीं सर्व सरंजामी देणीं भरपाईवांचून रद्द झालीं व तीं दप्तरें जाळून टाकण्याचा हुकूम निघाला.

तेव्हां मोठ्या माणसांनीं एका रात्रींत जी देणगी दिली, ती खरी होण्यास चार वर्षें लागलीं, आणि तीं चार वर्षें लहान माणसांनीं रेटलीं.

आतां दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती लपविली तर आम्ही मास्तर कसले? जाहीरनाम्यांतलीं "सर्व माणसें" म्हणजे सर्व माणसें नव्हतीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ठरलें कीं, तीन दिवसांच्या मजुरीइतका कर जो भरील त्यालाच मताचा अधिकार. बायकांना तर तो नव्हताच. खाटकाच्या घरांत वाढलेल्या ओलँप द गूज या बाईनें १७९१ सालीं स्त्रियांच्या हक्कांचा वेगळा जाहीरनामा लिहिला; १७९३ च्या नोव्हेंबरांत तिचा शिरच्छेद झाला. चर्चच्या जमिनी लिलांवांत निघाल्या, त्या ज्याच्याजवळ पैसा होता त्यानें घेतल्या. भूमिहीनाला फारसें कांहीं लाभलें नाहीं. १७९३-९४ च्या दहशतीच्या काळांत सुमारे १७ हजार लोकांना शिक्षा सांगून ठार मारलें, आणि त्यांत सरदारांपेक्षां शेतकरी, कारागीर व मजूर हेच अधिक होते. न्यायाच्या नांवानें न्यायासन मोडलें कीं गरीबच आधीं चिरडला जातो, हें विसरूं नये.

गुलामांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. समुद्रापलीकडे सां-दोमिंग बेटावर फ्रान्सच्या उंसाच्या मळ्यांत सुमारे पांच लाख काळे गुलाम राबत होते. जाहीरनाम्यानें त्यांना विचारलें नाहीं. १७९१ च्या ऑगस्टांत तेच उठले. तेव्हां कुठें ४ फेब्रुवारी १७९४ रोजीं पॅरिसच्या सभेनें गुलामगिरी बंद केली. १८०२ सालीं नेपोलियननें ती पुन्हां आणण्याचा घाट घातला. पण त्या बेटावरच्या लोकांनीं त्याच्या फौजेचा पराभव करून १ जानेवारी १८०४ रोजीं हैती हें स्वतंत्र राष्ट्र स्थापिलें. फ्रान्सच्या इतर वसाहतींत मात्र गुलामगिरी परत आली आणि १८४८ पर्यंत टिकली. मिठाचा कर १७९० सालीं गेला होता. तोही १८०६ सालीं परत आला. मिळालेला हक्क राखण न ठेवलेल्या पिकासारखा असतो.

मग राखण कशानें करावी? याचें उत्तर त्या क्रांतीच्याच एका माणसानें दिलें होतें. कोंदोर्से नांवाच्या पंडितानें १७९२ च्या एप्रिलांत सभेपुढें योजना मांडली कीं, मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाला सरकारी खर्चानें शिकवावें. ज्याला हक्क वाचतां येत नाहीं त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागतें, हें त्याला कळलें होतें. पण योजना कागदावर राहिली आणि कोंदोर्से १७९४ सालीं तुरुंगांत मेला. फ्रान्सनें प्राथमिक शिक्षण मोफत केलें तें १८८१ सालीं, आणि सक्तीचें केलें तें १८८२ सालीं.

हें १८८२ साल ध्यानांत ठेवा, कारण येथें ही गोष्ट आपल्या अंगणांत येते. फ्रान्सच्या क्रांतीची बाजू घेऊन टॉमस पेन यानें १७९१ सालीं "राइट्स ऑफ मॅन" हा ग्रंथ लिहिला. हा पेनही कारागिराचाच मुलगा. बाप बायकांच्या तंग चोळ्या शिवणारा, आणि स्वतः पेननेंही तो धंदा केलेला. तो ग्रंथ पुण्यास जोतीराव फुले यांनीं तरुणपणीं वाचला. त्याच जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मागणी केली कीं, निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें. ज्या वर्षीं फ्रान्सनें केलें, त्याच वर्षीं आपल्या माणसानें मागितलें. पुढें आपल्या राज्यघटनेंत स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द आले. डॉक्टर आंबेडकरांनीं १९५४ सालीं सांगून ठेविलें कीं, हीं तत्त्वें आपण फ्रान्सच्या क्रांतीपासून घेतलेलीं नाहींत, बुद्धापासून घेतलीं आहेत. चांगल्या विचाराला जात नाहीं तसा मुलूखही नाहीं. पण तो कोठूनही येवो, त्याच्याखालचीं बारीक कलमें आपल्याला वाचावीं लागतात.

म्हणून शेवटीं तुमच्यापाशीं एकच मागणें. पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हां ठराव मोठ्यानें वाचून दाखवा असें म्हणा, आणि समजल्याशिवाय सही करूं नका, आंगठा उठवूं नका. सातबाराचा उतारा घरांतल्या मुलीकडून वाचून घ्या, मुलाकडूनच कां? कोणी म्हणेल, विश्वास नाहीं काय? त्याला सांगा, विश्वास आहे, पण दस्तऐवज दाखवा. ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांनीं रात्रीं जेवण झाल्यावर शाळेंत यावें. कंदील घेऊन आम्ही बसलेलों असूं. तेथें पहिला धडा अ-आ-ई चा असणार नाहीं. ज्याचा त्याचा सातबारा हाच त्याचा पहिला धडा.

टेकडीवरची ती अठ्ठावीस वर्षांची म्हातारी मोठ्या माणसांची वाट पाहत होती. तिच्यासारख्याच घरांनीं पुढें वाट पाहणें सोडलें, म्हणून तिच्या तीन कोंबड्या तिच्या खुराड्यांत राहण्याचा दिवस आला.